मिशनरी व्यक्तिछायाचित्रे (मराठी प्रदेश)

मिशनरी व्यक्तिछायाचित्रे ही संज्ञा एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी प्रदेशात स्थायिक झालेल्या युरोपीय व अमेरिकन ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या मागे उरलेल्या व्यक्तिचित्रांसाठी वापरली जाते. धर्मोपदेशकांची स्वतःची व त्यांच्या कुटुंबीयांची छायाचित्रे तीत येतात. त्यांच्या शाळांतील शिक्षक, विद्यार्थी, देशी धर्मोपदेशक, ‘बायबल वुमन’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया, दुष्काळातील अनाथ मुले आणि गावोगावचे सामान्य लोक यांचीही चित्रे तीत मोडतात. ही चित्रे अल्बमांत, मायदेशी धाडलेल्या पत्रांत, मिशनच्या मासिकांत व मॅजिक लँटर्नच्या काचपट्ट्यांवर टिकून राहिली. त्यांपैकी बराच भाग आज भारताबाहेरील ग्रंथालयांत आहे.

मराठी समाजातील असंख्य सामान्य कुटुंबांच्या पूर्वजांचे चेहरे कोठे उरले असतील, तर ते बहुधा अशाच संग्रहांत होत. मात्र या चित्रांतील परदेशी धर्मोपदेशकाचे नाव सहसा लिहिलेले असते आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मराठी माणसाचे नाव पुष्कळदा नसते. या चित्रांच्या अभ्यासाचा मोठा भाग हे हरवलेले नाव, गाव आणि साल शोधण्यात खर्च होतो.

पार्श्वभूमी

अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले. छायाचित्रणाचा शोध तेव्हा लागलेला नव्हता. त्यामुळे या पहिल्या पिढीची ओळख आज पत्रांतून व छापील चरित्रांतून होते. पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेने १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले आणि तेथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा, वडाळा येथील सॅम्युएल फेअरबँक यांचे केंद्र, रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे अहमदनगरातील दीर्घकालीन कार्य ही या मिशनची ठळक अंगे होती. स्कॉटिश मिशनचे काम मुंबई, पुणे व पुढे जालना येथे चालले. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिक परिसरात होते.

या सर्व संस्थांचा खर्च मायदेशातील देणगीदारांच्या पैशावर चाले. देणगीदाराला कामाचा पुरावा हवा असे. छायाचित्रणाची कला सुलभ होताच पत्रासोबत एखादे चित्र पाठवणे हा मिशनच्या व्यवहाराचा भाग झाला. चित्रे जपली गेली यामागे ही आर्थिक निकड होती, हे त्यांचा अर्थ लावताना विसरता येत नाही. कोणाचे चित्र घ्यावे, त्याला काय नेसवावे, हातात पुस्तक द्यावे की चरखा, हे ठरवताना चित्र पाहणारा दूरचा दाता डोळ्यांसमोर होता.

जॉन विल्सन आणि एडिंबऱ्यातील कॅलोटाइप

मराठी प्रदेशाशी संबंधित धर्मोपदेशकांच्या छायाचित्रांत सर्वांत जुनी म्हणता येतील अशी चित्रे भारतात घेतलेली नाहीत. ती एडिंबरा येथे घेतली गेली.

जॉन विल्सन (१८०४–१८७५) हे स्कॉटलंडमधील लॉडर गावचे. ते १८२९ मध्ये मुंबईत आले, मराठी शिकले आणि १८३२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. १८३० च्या दशकात मोरभट दांडेकर यांच्याशी झालेल्या त्यांच्या जाहीर वादामुळे मराठी धर्मचर्चेच्या इतिहासात त्यांचे नाव येते. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जानेवारी १८४३ मध्ये प्रकृतीच्या कारणाने ते रजेवर निघाले आणि इजिप्त व पॅलेस्टाइनमार्गे स्कॉटलंडला गेले. त्यांच्यासोबत धनजीभाई नौरोजी हे पारशी तरुण होते. १८३९ मधील त्यांच्या धर्मांतरामुळे मुंबईच्या पारशी समाजात मोठी खळबळ उडाली होती व प्रकरण न्यायालयात गेले होते.

विल्सन प्रवासात असतानाच, १८ मे १८४३ रोजी, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. चारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. चित्रकार डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल यांनी या घटनेचे भव्य समूहचित्र रंगवण्याचे ठरवले. शेकडो चेहरे रेखाटत बसण्याऐवजी प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे, असे पदार्थवैज्ञानिक डेव्हिड ब्रूस्टर यांनी सुचवले आणि हिल यांची गाठ रॉबर्ट ॲडमसन या तरुण छायाचित्रकाराशी घालून दिली. हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८४१ मध्ये पेटंट घेतलेली कॅलोटाइप पद्धत त्यांनी वापरली. हे पेटंट इंग्लंडपुरते होते आणि स्कॉटलंडमध्ये लागू नव्हते, म्हणून एडिंबऱ्यात ही कला मोकळेपणाने वापरता आली. कागदाच्या निगेटिव्हवर घेतलेल्या या चित्रांत बारीक तपशील पुसट होतो, मात्र प्रकाश व छाया यांचे मोठे भाग उठून दिसतात. चित्रासाठी भर उन्हात स्थिर बसावे लागे. त्यामुळे आतील खोलीचा भास निर्माण करणारी अनेक चित्रे प्रत्यक्षात घराबाहेर, खुर्च्या व पडदे मांडून घेतलेली आहेत.

हिल व ॲडमसन यांनी अवघ्या साडेचार वर्षांत सुमारे ३,००० चित्रे घेतली. जानेवारी १८४८ मध्ये ॲडमसन यांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय २६ होते. मुंबईचे डॉ. विल्सन हे त्यांच्यासमोर बसलेल्यांपैकी एक होत. हिल यांचे तैलचित्र मात्र १८६६ पर्यंत पूर्ण झाले नाही. त्यात विल्सन आहेत आणि धनजीभाई नौरोजीही आहेत. मे १८४३ मध्ये हे दोघे एडिंबऱ्यात नव्हते. नव्या चर्चच्या उभारणीशी ज्यांचा संबंध आला अशा अनेक अनुपस्थितांना हिल यांनी चित्रात स्थान दिले. त्यामुळे तैलचित्राला त्या दिवसाचा पुरावा मानता येत नाही. कॅलोटाइप मात्र तो माणूस कॅमेऱ्यासमोर बसला होता, एवढे निश्चितपणे सांगतो. धनजीभाईंनी एडिंबऱ्यात शिक्षण घेऊन धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली व ते भारतात परतले. स्कॉटलंडच्या या प्रचंड समूहचित्रातला त्यांचा चेहरा नावानिशी ओळखता येतो. पुढील अर्धशतकातील मिशनच्या चित्रांत भारतीयांच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच आले.

मुंबईतील छायाचित्रण आणि ‘नमुन्यांची’ चित्रे

मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांत होते. पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक व्यक्तिचित्रकारांपैकी एक ठरले. म्हणजे मराठी भाषक माणूस या कलेत कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सुरुवातीपासून होता.

याच काळात व्यक्तिचित्राचा एक निराळा प्रकार रूढ झाला. विल्यम जॉन्सन यांच्या ‘ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये निघाले. त्यात स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती कापून वेगळ्याच देखाव्यांच्या छायाचित्रांवर जोडल्या आहेत. सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ या काळात निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात ४६८ छायाचित्रे आहेत. दोन्ही ग्रंथांत माणूस मुख्यतः जातीचा किंवा जमातीचा ‘नमुना’ म्हणून येतो.

मिशनच्या संग्रहांत हे दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. ज्याला धर्मोपदेशक ओळखत होता, त्याचे चित्र नाव लिहून पाठवले गेले. बाजारातून विकत घेतलेले ‘नमुन्याचे’ चित्र त्याच अल्बमात ‘एक ब्राह्मण’ किंवा ‘महार स्त्री’ अशा मथळ्याखाली चिकटवले गेले. अल्बमातील प्रत्येक चित्र अल्बमाच्या मालकाने काढले किंवा त्याच्या केंद्रातच घेतले गेले, असे गृहीत धरणे ही नवख्या अभ्यासकाची नेहमीची चूक आहे.

कार्डावरील चित्रे आणि त्यांचा काळ

कौटुंबिक व्यक्तिचित्राचा खरा प्रसार झाला तो ‘कार्त द व्हिझित’ या लहान कार्डामुळे. पॅरिसचे आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये याचे पेटंट घेतले. एकाच काचेवर अनेक चित्रे घेता येत असल्याने किंमत उतरली. साधारण ६४ × १०० मिलिमीटरच्या जाड कार्डावर पातळ ॲल्ब्युमेन प्रिंट चिकटवलेली असे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या या कागदावर तपकिरी छटेचे चित्र उमटे. पांढरे भाग काळाबरोबर पिवळे पडतात, म्हणून जुन्या फोटोचा जो ‘जुना रंग’ आपण मानतो तो अंशतः खराब होण्याचा परिणाम आहे. १८६६ च्या सुमारास मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ आले. ते साधारण १०८ × १६५ मिलिमीटरचे असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर दोन्ही प्रकार मागे पडले.

कार्डाच्या बांधणीवरून काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. पातळ कार्ड व काटकोनी कोपरे हे १८६० च्या दशकाचे लक्षण आहे. जाड कार्ड, गोल कोपरे आणि पाठीवर स्टुडिओची वेलबुट्टीदार मोठी जाहिरात असेल तर चित्र त्यानंतरचे असते. सोनेरी तिरकस कडा सहसा १८८० नंतर दिसतात. अमेरिकेत १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात छायाचित्रांवर कर होता व त्याचे तिकीट कार्डाच्या पाठीवर लावावे लागे. अमेरिकन मिशनऱ्याच्या रजेवरील चित्रामागे असे तिकीट आढळल्यास काळ जवळजवळ दोन वर्षांच्या आत निश्चित होतो. छायाचित्राच्या पोस्टकार्डांवर पत्ता व मजकूर यांच्यासाठी पाठ दुभागलेली असेल, तर ब्रिटिश कार्ड १९०२ नंतरचे व अमेरिकन कार्ड १९०७ नंतरचे ठरते.

स्टुडिओचा पत्ता फसवा असू शकतो. धर्मोपदेशक दर काही वर्षांनी रजेवर मायदेशी जात आणि तेथे कुटुंबाचे चित्र काढून घेत. त्यामुळे आयुष्य अहमदनगर जिल्ह्यात घालवलेल्या माणसाच्या कार्डावर बोस्टनचा पत्ता असणे स्वाभाविक आहे. स्टुडिओतील पडदे, खांब, खुर्ची, प्रसंगी कोटसुद्धा स्टुडिओचाच असे. पागोटे, पगडी, उपरणे, नऊवारीची नेसण यांवरून प्रदेश व समाज यांचा अंदाज बांधला जातो. पण धर्मांतरानंतर पोशाख बदलला की नाही हा त्या काळी स्वतंत्र वादाचा विषय होता, म्हणून पोशाखावरून धर्म ठरवणे धोक्याचे आहे. डॅगेरोटाइप व टिनटाइप या पद्धतींत चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते. त्यामुळे उजवा-डावा खांदा, सदऱ्याची बटणे किंवा हातातील पुस्तकावरील अक्षरे तपासल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

दुष्काळातील चित्रे

१८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांनी या छायाचित्रांचे स्वरूप बदलले. मिशनच्या केंद्रांत शेकडो अनाथ मुले आली. त्यांच्या पोषणासाठी अमेरिका व ब्रिटनमध्ये वर्गणी उभारली गेली. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने त्यात पुढाकार घेतला. १९०० मध्ये ‘क्विटो’ हे धान्याचे जहाज अमेरिकेतून मुंबईला आले. अहमदनगरचे रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळातील कामाबद्दल ब्रिटिश सरकारने ‘कैसर-ए-हिंद’ हे सुवर्णपदक दिले. पंडिता रमाबाई यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातून व १९०० मध्ये गुजरातेतून दुष्काळग्रस्त मुली व स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या.

या काळात मुलांची चित्रे जोडीने छापली जात. एकात हाडांचा सापळा झालेले मूल, दुसऱ्यात तेच मूल काही महिन्यांनी, धुतलेल्या कपड्यांत. मदतीसाठी ही चित्रे परिणामकारक ठरली, यात शंका नाही. पण बरगड्या मोजता येतील अशा स्थितीत कॅमेऱ्यासमोर उभ्या केलेल्या मुलाची संमती कोणी विचारली नव्हती. १८७६–७८ च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर यांनी घेतलेल्या चित्रांवर अशाच कारणाने टीका झाली होती. त्यातली अनेक मुले आपले गाव सांगू शकत नव्हती. काहींना नवी नावे मिळाली. त्यामुळे छायाचित्राखाली नाव असले तरी ते आई-वडिलांनी ठेवलेले नाव असेलच असे नाही.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील दुष्काळाची चित्रे मिशनखेरीज दरबारी मार्गानेही उरली. सहावे निजाम महबूब अली खान यांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या स्टुडिओने दुष्काळ निवारणाच्या कामांची नोंद केली. औरंगाबाद येथे १८९९–१९०० मध्ये घेतलेले कृश देहांच्या माणसांचे चित्र त्यांपैकी विशेष परिचित आहे. एरवी राजेरजवाड्यांच्या शिकारीची व दरबाराची चित्रे काढणाऱ्या स्टुडिओचे हे काम आहे. त्यातही कोणाचे नाव नाही.

ओळख पटवण्यातील अडचणी

गावाचे नाव: ‘शिरूर’चा घोळ. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार आणि परिसरातील कुटुंबांना आपल्या पूर्वजांची चित्रे शोधताना येणारी पहिली अडचण नावाचीच आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या कागदपत्रांत ‘सिरूर’ किंवा ‘सीरूर’ असा उल्लेख वारंवार येतो. तेथे मिशनचे केंद्र होते, रेव्हरंड विन्सर यांची उद्योगशाळा होती. मात्र हे शिरूर म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे शिरूर होय. ते ब्रिटिश मुंबई इलाख्यात, पुणे–अहमदनगर रस्त्यावर होते आणि तेथे लष्करी छावणी होती. सिंदफणा नदीवरील शिरूर कासार हे गाव अहमदनगर जिल्ह्याच्या सीमेजवळ असले तरी निजामाच्या मुलखात होते आणि इंग्रजी कागदांत त्याच्या जिल्ह्याचे नाव ‘भीर’ असे लिहिले जाई. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व शिरूर ताजबंद ही आणखी दोन गावे या घोळात भर घालतात. केवळ ‘शिरूर’ एवढेच लिहिलेले चित्र त्यामुळे इतर पुरावा नसल्यास घोडनदीचे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

उलट, शिरूर कासारच्या बाजूचा माणूस अहमदनगरच्या शाळेत, दवाखान्यात किंवा दुष्काळी आश्रयस्थानात गेला असेल, तर त्याचे चित्र अहमदनगरच्या नावाखाली असणार. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये अहमदनगरवरून गेला आणि सीमेपलीकडच्या गावांसाठीही तेच जवळचे मोठे ठाणे बनले. म्हणून बीड जिल्ह्यातील शोध सीमेच्या अलीकडे थांबवून भागत नाही. जालना येथे स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत वसवली होती. मराठवाड्याच्या उत्तर भागासाठी तो दुसरा धागा आहे. शेषाद्री स्वतः धर्मांतरित ब्राह्मण व दीक्षित धर्मोपदेशक होते. १८४३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू श्रीपत यांना पुन्हा हिंदू धर्मात घेण्यावरून मुंबईत मोठे वादळ उठले होते आणि बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या शुद्धीच्या बाजूने उभे राहिले होते. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हॅन्जेलिकल अलायन्सच्या परिषदेत नारायण शेषाद्रींचे भाषण झाले.

माणसाचे नाव. मराठी नावांची रचना इंग्रजीत लिहिणाऱ्याला परिचित नव्हती. ‘रामजी भागोजी’ यातील दुसरे नाव वडिलांचे आहे हे न कळल्याने ते आडनाव समजून नोंदले गेले. पुढच्या पिढीने आडनाव लावले की धागा तुटला. स्त्रियांचे नाव लग्नानंतर बदले, त्यामुळे शाळेच्या चित्रातील मुलगी आणि वीस वर्षांनंतरच्या समूहचित्रातील शिक्षिका एकच आहेत हे नोंदींवरून लक्षात येत नाही. ‘बाई’ हा आदरार्थी प्रत्यय काही ठिकाणी नावाचा भाग, काही ठिकाणी आडनाव म्हणून लिहिलेला आढळतो. मिशनच्या हजेरीपटांशी, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशी आणि ‘ज्ञानोदय’च्या अंकांशी मेळ घातल्यास यांतील काही गाठी सुटतात.

मथळा कधी लिहिला. चित्राखालील मजकूर चित्राइतकाच जुना असतो, हा समज किती चुकीचा ठरू शकतो याचे उत्तम उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या प्रसिद्ध छायाचित्रात मिळते. पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेल्या या चित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. या महाविद्यालयाने अनेक वैद्यकीय मिशनरी तयार केल्या. आनंदीबाईंनी मात्र देश सोडण्यापूर्वी श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आपण हिंदूच राहू असे जाहीर केले होते. चित्राखालील हस्तलिखित मजकुरात तिघींच्या नावांमागे ‘डॉक्टर’ लावलेले आहे. आनंदीबाईंना पदवी ११ मार्च १८८६ रोजी मिळाली, ओकामी यांना १८८९ मध्ये व इस्लामबुली यांना १८९० मध्ये. म्हणजे हा मजकूर या रूपात चित्रानंतर किमान चार-पाच वर्षांनी लिहिला गेला असला पाहिजे. तोवर आनंदीबाईंच्या निधनालाही (२६ फेब्रुवारी १८८७) तीन वर्षे होऊन गेली होती. गावाचे नावही कल्याण किंवा पुणे असे नाही. पती गोपाळराव जेथे टपाल खात्यात नोकरीला होते आणि जेथून आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या, त्या श्रीरामपूरचे ते अपभ्रष्ट रूप दिसते. इतक्या नामांकित व्यक्तीबाबत ही स्थिती असेल, तर एखाद्या खेड्यातील ‘नेटिव्ह ख्रिश्चन कुटुंब’ या मथळ्यावर किती विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

कुटुंबातील वापर. मूळ चित्रांतील काही प्रती मराठी घरांतही राहिल्या. महाराष्ट्रात जुन्या घरांमध्ये भिंतीवर हार घालून लावलेला फोटो सहसा दिवंगत व्यक्तीचा असतो. त्यासाठी समूहचित्रातून एकच चेहरा मोठा करून घेण्याची पद्धत होती. रंगकर्मीकडून पगडी, कुंकू, दागिने रंगवून घेतले जात. अशा प्रतीत मूळचे शेजारी, इमारत व जागा गळून जाते. घरातील रंगवलेली प्रत आणि परदेशातील मूळ समूहचित्र एकाच माणसाचे आहे, हे ओळखण्यासाठी कानाची ठेवण, भुवया व हाताची ठेवण पाहिली जाते. दाढी, मिशी व शिरोभूषण यांवर भर देऊन केलेली ओळख टिकत नाही.

नॉर्वेजियन समांतर उदाहरणे

स्थलांतरित धर्मोपदेशकाच्या मागे उरलेली चित्रे हा प्रश्न मराठी प्रदेशापुरता नाही. भारतात नॉर्वेचे लार्स ओल्सेन स्क्रेफ्सरूड यांनी डेन्मार्कच्या बोरेसेन यांच्यासह १८६७ मध्ये संथाल परगण्यात बेनागडिया येथे मिशन स्थापन केले. त्यांचे उत्तराधिकारी पॉल ओलाफ बोडिंग (१८६५–१९३८) संथाली भाषेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध आहेत.

अमेरिकेतील आंद्रेआस लार्सेन डाल यांचे उदाहरण तुलनेसाठी अधिक उपयोगी आहे. नॉर्वेच्या वाल्ड्रेस भागात १८४४ मध्ये जन्मलेले डाल १८६९ मध्ये विस्कॉन्सिनला गेले. सुमारे दहा वर्षे घोडागाडीतून फिरत त्यांनी नॉर्वेजियन शेतकरी कुटुंबांची चित्रे घेतली आणि नंतर ते ल्यूथरन धर्मोपदेशक झाले. त्यांच्या चित्रांत कुटुंब घरासमोर बसलेले असते आणि शिवणयंत्र, पुस्तके, घड्याळ, बग्गी अशी मिळकत बाहेर आणून मांडलेली असते. ही चित्रे नॉर्वेतील आप्तांना पाठवण्यासाठी होती. नव्या देशात आपले बरे चालले आहे, हे त्यांतून दाखवायचे होते. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह जपल्या आहेत. डाल यांच्यासमोर बसलेले लोक स्वतः चित्राचे गिऱ्हाईक होते. मराठी प्रदेशातील मिशनच्या चित्रांत गिऱ्हाईक बहुधा तिसराच, समुद्रापलीकडचा असे. दोन्हीकडची माणसे सारखीच ताठ बसलेली दिसतात, पण त्यांच्या ताठपणाचा अर्थ एक नाही.

संग्रह

अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे दप्तर बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कॅडबरी संशोधन ग्रंथालयात आणि स्कॉटिश मिशनचे बरेच कागद एडिंबऱ्याच्या नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहेत. हिल व ॲडमसन यांच्या कॅलोटाइपचे मोठे संग्रह नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंड व ग्लासगो विद्यापीठ येथे आहेत. धारवाड, हुबळी या सीमाभागासाठी बासेल मिशनचा स्वित्झर्लंडमधील संग्रह महत्त्वाचा आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ‘इंटरनॅशनल मिशन फोटोग्राफी आर्काइव्ह’ या प्रकल्पात येल, बासेल, नॉर्वेतील स्टावांगर इत्यादी ठिकाणच्या मिशन संग्रहांतील चित्रे इंटरनेटवर पाहता येतात. शोध घेताना गावाच्या नावाची जुनी इंग्रजी रूपे वापरावी लागतात. आजच्या शुद्धलेखनाने शोधल्यास बहुतेक वेळा काहीच हाती लागत नाही.

जतन

ॲल्ब्युमेन प्रिंटचे मुख्य शत्रू ओलावा व प्रकाश हे आहेत. कार्डाला कसर व वाळवी लागते, पावसाळ्यात बुरशी येते. अशी चित्रे लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये व चिकट पानांच्या अल्बमात ठेवू नयेत. आम्लविरहित कागदात गुंडाळून, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवणे पुरेसे असते. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक न रचता कडेवर उभ्या ठेवतात. माहिती लिहायची असल्यास कार्डाच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलीने लिहावी, कारण बॉलपेनची शाई व दाब दोन्ही पुढच्या बाजूला उमटतात. स्कॅन करताना पाठीची बाजूही घेणे आवश्यक आहे. घरातील वृद्धांनी सांगितलेली ओळख लिहिताना सांगणाऱ्याचे नाव व तारीखही नोंदवावी, म्हणजे पुढे वेगळा पुरावा मिळाल्यास दोन्ही ताडून पाहता येतात.

भारतीय कायद्यानुसार एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांवरील स्वामित्वहक्क संपलेला आहे. तरीही परदेशी संस्थांनी तयार केलेल्या डिजिटल प्रतींच्या वापरासाठी त्या त्या संस्थेच्या अटी लागू होतात.